मास्क म्हणजे मुखवटा नव्हे

छायाचित्र आणि सत्य यांच्या नात्याविषयी आपल्याकडे चर्चा सुरू झाली की चौथ्या-पाचव्या वाक्यात 'फोटोशॉप' हा शब्द येतो, आणि तो शिवीसारखा येतो. 'हे फोटोशॉप केलेले आहे' याचा अर्थ 'हे खोटे आहे' असा आपण सर्वांनी मान्य करून टाकलेला आहे. साहित्याच्या प्रांतातील मंडळी याच्या एक पाऊल पुढे जातात. प्रतिमा-संपादनाच्या या प्रणालींमध्ये 'मास्क' नावाचे एक साधन असते, एवढे कळले की त्यांना राहवत नाही. मास्क म्हणजे मुखवटा. मुखवटा म्हणजे ग्रीक रंगभूमी, दशावतारातली सोंगे, आधुनिक माणसाचे दुभंगलेपण. आणि मग, डिजिटल युगात प्रतिमेनेही मुखवटा चढवला आहे, हा ठरलेला निष्कर्ष. चर्चासत्रांतील निबंधांत ही साखळी इतक्यांदा ऐकू येते, की पहिली कडी पडली की उरलेल्या श्रोत्यांनीच म्हणाव्यात.

ही साखळी एका चुकीच्या भाषांतरावर उभी आहे. भाषांतर चुकले एवढेच असते तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण ज्या साधनाला आपण फसवणुकीचे प्रतीक ठरवून मोकळे झालो, ते समजून न घेतल्यामुळे आपल्या वाङ्मयीन इतिहासाची काही कागदपत्रे, म्हणजे जुनी छायाचित्रे, आपल्याच हातून नष्ट होत आहेत. तीही वाङ्मयप्रेमाच्या भरात, गौरवग्रंथ आणि स्मृतिविशेषांक काढता काढता.

प्रथम शब्दाची गोष्ट. संगणक येण्यापूर्वी छपाईसाठी चित्राची फिल्म तयार करताना त्यातला नको असलेला भाग झाकावा लागे. त्यासाठी जी साधने वापरात होती त्यांपैकी एक म्हणजे रूबीलिथ : पारदर्शक फिल्मवर चढवलेला लाल पापुद्रा. कारागीर ती फिल्म चित्रावर ठेवी, धारदार पात्याने आकृतीच्या कडेकडेने पापुद्रा कापी आणि हवा तेवढा सोलून काढी. उरलेला लाल भाग म्हणजे मास्क. आता प्रश्न असा, की लालच का? छपाईच्या कामातली लिथ फिल्म लाल प्रकाशाला आंधळी असते. तिच्या लेखी लाल म्हणजे काळे. माणसाच्या डोळ्याला मात्र त्या लालातून पलीकडचे दिसत राहते. म्हणजे जे झाकले आहे ते छपाईपुरते झाकलेले. झाकणाऱ्याला ते पूर्ण वेळ दिसते आहे, आपण नेमके काय झाकतो आहोत हे पाहतच तो पाते चालवतो आहे.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आली. फोटोशॉपमधल्या 'क्विक मास्क'चा रंग आजही मुळात लालच असतो, आणि तोही निम्मा पारदर्शक. या लालाचे मूळ कळपाटावर बसलेल्या आजच्या मुलाला ठाऊक नसते. त्या पात्याची आणि पापुद्र्याची ती आठवण आहे. पुढे १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले, थरागणिक मास्क आला आणि तत्त्व तेच राहिले. मास्कवर पांढरा रंग भरला तिथे चित्र दिसते, काळा भरला तिथे दिसत नाही, करडा भरला तिथे अर्धेमुर्धे दिसते. मूळ चित्राचा एक ठिपकाही यात पुसला जात नाही. शिफ्टची कळ दाबून मास्कच्या छोट्या चौकटीवर टिचकी मारा : तिच्यावर लाल फुली येते आणि झाकलेली भिंत, झाकलेली माणसे, सारे जागच्या जागी परत उभे राहते. पुन्हा टिचकी मारा, ते पुन्हा झाकले जाते.

मुखवटा याच्या नेमका उलट वागतो. मुखवटा चेहऱ्याच्या जागी दुसरा चेहरा आणतो. मास्क कशाच्याही जागी काहीही आणत नाही. मराठीत प्रतिशब्द हवाच असेल तर माझ्या मते तो 'अंतरपाट' हा आहे. अंतरपाटाच्या पलीकडे कोण उभे आहे हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत असते, धरणाऱ्यांना तर असतेच. तो मुहूर्तापुरता धरलेला असतो आणि दूर करण्यासाठीच धरलेला असतो. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. (हा शब्द संगणकाच्या परिभाषेत रुजेल अशी आशा मला नाही. कामावरची मुले 'मास्क'च म्हणतील आणि त्यांनी तसेच म्हणावे. प्रश्न त्यांच्या बोलण्याचा नाही, आपल्या समजुतीचा आहे.)

आता प्रत्यक्षात काय चालते ते पाहू. एखाद्या लेखकाची जन्मशताब्दी येते. संपादक मंडळ जमते, लेख मागवले जातात, शुद्धलेखनावर कडाक्याचे वाद होतात. छायाचित्रांचा विषय शेवटच्या बैठकीत शेवटच्या दहा मिनिटांत निघतो. कुटुंबीयांकडून एक जुना समूहफोटो येतो. मुखपृष्ठाला फक्त लेखक हवा असतो. तेव्हा 'मागचे सगळे काढून टाका' असे सांगून फोटो अक्षरजुळणी करणाऱ्याच्या हवाली होतो. तो बिचारा रात्री अकरा वाजता जादूच्या कांडीने, म्हणजे 'मॅजिक वाँड' नावाच्या साधनाने, मागच्या भिंतीवर टिचकी मारतो, डिलीट दाबतो, राहिलेले तुकडे खोडरबराने पुसतो आणि त्याच नावाने फाइल जतन करतो. ती जेपीईजी असते. जेपीईजीत थर राहत नाहीत, पारदर्शकता राहत नाही; भिंत होती तिथे सपाट पांढरा रंग असतो. त्याच्या खाली काही नसते.

काही वर्षांपूर्वी एका वाङ्मयीन नियतकालिकाच्या स्मृतिविशेषांकासाठी असाच एक फोटो मी मिळवून दिला होता. शाळेच्या पायऱ्यांवर सात माणसे. दिवंगत लेखक मधोमध, खुर्चीत. मागे कापडी फलक, त्यावरची निम्मी अक्षरे वाचता येत होती, आणि उरलेली भिंगाखाली लागली असती असे वाटत होते. उजव्या टोकाला दोन स्त्रिया उभ्या, त्यांतली एक कॅमेऱ्याकडे न पाहता भलतीकडेच पाहत असलेली. अंक निघाला. मुखपृष्ठावर लेखक एकटे, मागे मावळतीचा नारिंगी रंग. त्यांच्या डाव्या खांद्यावर चार बोटे होती. मागे उभ्या असलेल्या कोणाचा तरी तो हात. कोट आणि बोटे यांची छटा सारखी पडल्यामुळे कांडीने तेवढा तुकडा लेखकाचाच समजून ठेवला होता. आणि चष्म्याच्या काचांतून मावळती न दिसता शाळेची भिंत दिसत होती. हे हसण्यासारखे आहे, आणि आम्ही हसलोही. पुढे मूळ प्रत कुटुंबीयांच्या घरबदलात गहाळ झाली, म्हणून नियतकालिकाकडे स्कॅन मागितले. ते त्याच फाइलवर 'सुधारले' गेले होते. फलक गेला, पायऱ्या गेल्या, त्या दोघी गेल्या. चार बोटे तेवढी आहेत.

इथे कोणीतरी लगेच कुंदेराची आठवण काढील. 'द बुक ऑफ लाफ्टर अँड फर्गेटिंग' या १९७९ साली प्रथम फ्रेंचमध्ये निघालेल्या कादंबरीची सुरुवात आपल्या अभ्यासक्रमांतल्या बऱ्याच जणांना पाठ असते : फेब्रुवारी १९४८, प्राग, सज्जातून भाषण करणारा गोट्वाल्ड, शेजारी क्लेमेंटिस, पुढे १९५२ मध्ये क्लेमेंटिसला फाशी होते, प्रचारखाते त्याला छायाचित्रातूनही पुसून टाकते, आणि उरते ती त्याने गोट्वाल्डच्या डोक्यावर ठेवलेली टोपी. टोपी आणि चार बोटे. साम्य आकर्षक आहे, आणि म्हणूनच मला ते नको आहे. ते आपल्याला फुकटचा मोठेपणा देते. तिथे एक राज्ययंत्रणा होती, तिला काय पुसायचे आहे हे माहीत होते, आणि पुसण्यामागे भीती होती. आपल्याकडे कोणी कोणाला घाबरत नाही. आपण जे पुसतो ते काय आहे हे पाहण्याचीही तसदी घेत नाही.

दुसरा फरक तांत्रिक आहे आणि माझ्या मुद्द्याला तोच अधिक उपयोगी आहे. स्तालिनच्या काळातील हातसफाई आज आपण ओळखू शकतो, कारण मूळ छायाचित्रे कुठे ना कुठे शिल्लक राहिली. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्तालिनशेजारी उभा असलेला येझोव्ह १९४० साली मारला गेला आणि फोटोतून नाहीसा झाला. पण डेव्हिड किंग यांनी १९९७ मधल्या 'द कॉमिसार व्हॅनिशेस' या ग्रंथात अशा चित्रांची मूळ आणि बदललेली रूपे शेजारीशेजारी मांडली. ब्रश आणि पात्याने काम करणारा कारागीर बहुधा एखाद्या प्रतीवर काम करी. निगेटिव्ह वेगळे, इतर प्रती वेगळ्या. आपल्या कार्यालयात मात्र प्रत एकच, फाइल एकच, आणि 'सेव्ह'ची कळ दाबली की मूळ आणि बदललेले यांत अंतर राहत नाही. हुकूमशहाच्या सेन्सॉरला जे नीट जमले नाही ते आपल्याकडे रात्री अकरा वाजता बिनबोभाट जमते.

या सगळ्याचे खापर 'सॉफ्टवेअर'वर फोडणारे पुष्कळ भेटतील. पण त्या प्रणालीत निवड करण्याचे निरनिराळे मार्ग आहेत आणि त्या प्रत्येकाची बौद्धिक शिस्त वेगळी आहे, हे साहित्याच्या माणसाला खरे तर सर्वांआधी कळायला हवे.

जादूची कांडी साम्यावर चालते. ज्या ठिपक्यावर टिचकी मारली त्याच्यासारखे दिसणारे सगळे ठिपके ती गोळा करते. किती 'सारखे' ते एका आकड्यावर ठरते. फोटोशॉपमध्ये तो मुळात ३२ असतो, आणि बहुतेक जण तो कधी बदलत नाहीत. शिवाय एक चौकोन असतो : फक्त लागून असलेलेच घ्यायचे, की चित्रभर जिथे सापडतील तिथून घ्यायचे. निवड झाली की तिच्याभोवती ठिपक्यांची रेघ मुंग्यांसारखी सरकत राहते. ही युक्ती १९८४ च्या मॅकपेंटमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी आणली. त्या हलत्या मुंग्यांमुळे पाहणाऱ्याला वाटते की सीमा ठरली. वास्तविक कांडीने काही ठरवलेले नसते. कोट आणि बोटे यांचा रंग सारखा आहे, एवढेच तिने पाहिलेले असते. आपल्या समीक्षेतली 'ग्रामीण', 'महानगरी', 'स्त्रीवादी' अशी कित्येक वर्गीकरणे याच कांडीने केलेली आहेत. बत्तीसचा आकडा कोणी ठरवला हे तिथेही कोणी विचारत नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पाथची गोष्ट निराळी. इथे हातात पेन असते. तुम्ही एक बिंदू ठेवता, मग दुसरा. बिंदूला दोन बाजूंना दांड्या फुटतात, त्या ओढल्या की मधली रेषा वळते. या वळणांमागचे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले : सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए या दोघांनी, गाडीच्या पत्र्याचे बाक कागदावर नेमके कसे सांगावेत या अडचणीतून, १९६० च्या आगेमागे ते स्वतंत्रपणे बसवले. नाव बेझिएचे झाले, कारण सिट्रोएनने आपले काम गुप्त ठेवले. महत्त्वाचे हे, की पाथमधला प्रत्येक बिंदू कोणीतरी तिथे ठेवलेला असतो. 'कोट इथे संपतो आणि दुसऱ्याचा हात इथे सुरू होतो' हे विधान त्यात असते. ते विधान चुकू शकते, त्यावर वाद घालता येतो, बिंदू अर्धा मिलिमीटर सरकवता येतो. आणि ते चित्रापासून वेगळे साठवलेले असते. पेजमेकर आणि क्वार्कच्या दिवसांत 'क्लिपिंग पाथ' लावून फोटो पानावर ठेवत, तेव्हा पानावर कटआउट दिसे, आणि फाइलमध्ये पूर्ण आयत शाबूत असे. त्या पिढीतले चांगले कामगार हे सवयीने करीत. कोणी त्यांना संपादक म्हटले नाही. श्रेयनामावलीत त्यांचे नाव 'अक्षरजुळणी'पुढेही आले तर आले.

पाथचे कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पेनाने केस कापता येत नाहीत. विस्कटलेली दाढी, फेट्याचा सुटलेला शेमला, पातळाचा झिरझिरीत पदर, यांना पेनाने ओळंबा धरला की माणसाच्या डोक्यावर शिरस्त्राण बसल्यासारखे दिसते. आपल्या दिवाळी अंकांत अशी शिरस्त्राणधारी कवींची रांगच्या रांग सापडेल. तिथे कडा खरोखरच एका रेषेची नसते. केस आणि आकाश एकाच ठिपक्यात मिसळलेले असतात. तिथे करड्याची गरज लागते. चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या या तीन वाहिन्यांपैकी जिच्यात केस आणि पार्श्वभूमी यांचा विरोध सर्वांत ठळक असेल ती निवडायची, तिची प्रत काढायची, काळे आणखी काळे आणि पांढरे आणखी पांढरे करत न्यायचे, आणि मधला करडा प्रदेश जिवापाड जपायचा. हाच पुढे मास्क होतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. म्हणजे 'हा ठिपका माणसाचा आहे की मागच्या झाडाचा' या प्रश्नाला 'निश्चित सांगता येत नाही, पण बराचसा माणसाचा' असे उत्तर देण्याची सोय. चष्म्याच्या काचेलाही हीच सोय लागते.

इथे माझ्या वाचकांपैकी ज्यांनी पाठचिकित्सा शिकवली आहे त्यांना काहीतरी ओळखीचे वाटू लागले असेल. वाटलेच पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम म्हणजे मास्क कसा वापरावा याचा वस्तुपाठ आहे. वि. स. सुखटणकरांनी १९२५ मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर जी पद्धत बसवली, तिच्यात जे मूळ पाठातून बाहेर काढले ते फेकून दिलेले नाही. छोटे उतारे तारांकित क्रमांक देऊन त्याच पानाच्या तळाशी, मोठे परिशिष्टात. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही घरोघरची कथा सिद्ध पाठात नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा सभापर्वाच्या सिद्ध पाठात नाही. तो तळटिपांत आहे. ज्याला पाहायचा आहे त्याने नजर खाली न्यावी, धावा जागच्या जागी ऐकू येतो. शिफ्ट दाबून टिचकी मारण्याइतके ते सोपे आहे. आणि जो पाठ संपादकाला पुरता खात्रीचा वाटत नाही त्याच्या खाली नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे सुखटणकरांचा करडा रंग.

याउलट उदाहरण द्यायचे तर जरा धाडस करावे लागेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हे काम थोर होते यात शंका नाही. अपपाठांनी भरलेला ग्रंथ त्यांनी वाचनीय केला. पण त्यांनी काय काढले, कोणत्या प्रतीतून काय घेतले, याची नोंद आपल्या हाती नाही. सोळाव्या शतकातील संतकवीकडून तळटिपांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे हे मान्य. तरी परिणाम परिणामच असतो : पुढे तीन-साडेतीनशे वर्षांनी अभ्यासकांना एकनाथपूर्व ज्ञानेश्वरीचा शोध घेत हिंडावे लागले. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तेव्हापासून त्या प्रतीविषयीचे वाद कधी पूर्ण शमले नाहीत. एवढा इतिहास ज्या भाषेच्या पाठीशी आहे, तिच्या प्राध्यापकांनी पोथीच्या एका काना-मात्रेसाठी जिवाचे रान करावे आणि त्याच आठवड्यात आपल्या संपादनाखालच्या अंकात सात माणसांचा फोटो एका माणसाचा होऊ द्यावा, याला काय म्हणावे?

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप शुद्धतावाद्यांचा : मुळात छायाचित्राला हातच लावू नये. हे ऐकायला उदात्त वाटते. पण कॅमेऱ्याची चौकट हीच पहिली निवड असते. त्या पायऱ्यांवर सातच माणसे उभी होती की छायाचित्रकाराला सातच चौकटीत बसवता आली, हे आपल्याला माहीत नाही. आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर जाताना काहीतरी झाकावे लागणारच. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे दोन पिरॅमिड त्यासाठीच जवळ सरकवले आणि जन्माची बदनामी ओढवून घेतली. ते सरकवणे चूक होते. मुखपृष्ठ उभे असणे ही चूक नव्हती. हात लावू नका म्हणणाऱ्यांमुळे एकच होते : हात लावण्याच्या रीतीवर बोलणेच बंद पडते, आणि ज्यांना रीत नको आहे त्यांचे फावते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. वेळ नाही, पैसे नाहीत, चारशे रुपयांत मुखपृष्ठ करून देणाऱ्या मुलाकडून केसागणिक मास्क कसला मागता? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण पैशांविषयीचा भाग खरा आहे. पण वेळेविषयीचा भाग आता खरा राहिलेला नाही. २०१८ पासून फोटोशॉप एका टिचकीत आकृती ओळखून निवडते. २०२२ पासून आयफोनवर बोट दाबून धरले तरी माणूस पार्श्वभूमीतून उचलला जातो. यातली गमत अशी, की फोटोशॉपची 'पार्श्वभूमी काढा' ही तयार आज्ञासुद्धा प्रत्यक्षात काही काढत नाही. ती थराला मास्क लावते. यंत्र आपल्या हाती मास्कच देते. तो सपाट करून, थर मिटवून, जेपीईजी करून मूळ फाइलवर बसवण्याचे काम तेवढे आपण स्वतः करतो. मास्कसह फाइल वेगळ्या नावाने ठेवायला अर्धे मिनिट लागते. आणि २०२३ नंतर तर झाकलेल्या जागी कधीच नसलेली भिंत, नसलेली झाडे भरून देणारी यंत्रेही त्याच प्रणालीत आली आहेत. अशा वेळी कुठवर छायाचित्र आहे आणि कुठून पुढे भरलेले आहे, याची हद्द सांगणारा कागद म्हणजे तो मास्कच. तो फेकला की पन्नास वर्षांनी आपल्या साहित्यिकांच्या मागची झाडे खरी होती की नाही, यावर पीएचडी करावी लागेल, आणि तिचा निष्कर्ष निघणार नाही.

एक अपवाद मात्र नि:संकोच सांगतो, कारण तो न सांगितल्यास माझेच म्हणणे उद्या कोणाच्या तरी विरोधात वापरले जाईल. कधी कधी झाकणे पुरेसे नसते, पुसणेच आवश्यक असते. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीचा चेहरा, आपले नाव येऊ नये असे सांगणाऱ्याचा चेहरा, पत्रातला कोणाचा पत्ता. अशा ठिकाणी काळी पट्टी ठेवून थरांसह फाइल पुढे पाठवणे ही घोर चूक आहे. पट्टी उचलता येते. मजकुरावर काळे चौकोन ठेवलेल्या पीडीएफमधून खालची अक्षरे जशीच्या तशी उचलता आल्याची उदाहरणे सर्वत्र आहेत. तिथे बाहेर जाणारी प्रत सपाटच हवी आणि मूळ प्रत कुलपात. पण यातही निर्णय आहे : कोणाला जपण्यासाठी झाकतो आहोत हे ठरवलेले आहे. समूहफोटोच्या उजव्या टोकाच्या दोन स्त्रियांना आपण कोणाला जपण्यासाठी पुसले?

तिसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण खरे अडते तिथेच. लेखकाच्या मागे कोण उभे होते याने साहित्याचा काय संबंध, असा तो आहे. संहितेवर बोलावे, भिंतीवर नव्हे. या भूमिकेचा मी विद्यार्थिदशेत आदर केला आहे आणि संहितेपुरता आजही करतो. पण मग मुखपृष्ठावर लेखकाचा फोटो तरी कशाला हवा? तो हवा असतो, कारण आपल्याला एकटा, स्वयंभू, मावळतीकडे पाठ केलेला प्रतिभावंत हवा असतो. पायऱ्यांवर सहा जणांबरोबर बसलेला, खांद्यावर कोणाचा तरी हात असलेला, ज्याच्या सभेचा फलक कोणीतरी रात्री रंगवला आहे असा माणूस आपल्याला मुखपृष्ठावर नको असतो. पुसण्याची ही घाई आपल्या वाङ्मयविचारातून आलेली आहे. अक्षरजुळणीवाल्या मुलाने फक्त डिलीट दाबले.

तेव्हा मागणी साधी आहे. कोणत्याही विशेषांकासाठी आलेल्या छायाचित्राचे पूर्ण स्कॅन, मागच्या बाजूसह, आधी वेगळे ठेवावे. मागच्या बाजूला शाईने लिहिलेली नावे पुष्कळदा पुढच्या चेहऱ्यांहून मोलाची असतात. काम त्याच्या प्रतीवर व्हावे. निवड पाथने झाली असेल तर तो पाथ नाव देऊन जतन करावा. 'वर्क पाथ' म्हणून तसाच सोडला तर पुढचा पाथ काढायला घेताच तो जातो. झाकायचे ते मास्कने झाकावे. अंकात, मुखपृष्ठाच्या श्रेयओळीत, 'मूळ समूहछायाचित्रातून. इतर व्यक्ती झाकल्या आहेत' एवढे सहा-सात शब्द छापावेत, आणि आतल्या एखाद्या पानावर मूळ फोटो, डावीकडून उजवीकडे नावांसह, द्यावा. ज्यांची नावे लागत नाहीत त्यांच्या जागी 'अज्ञात' लिहावे. ज्याने हे काम केले त्याचे नाव संपादन साहाय्यात असावे, आणि चारशे रुपयांचा आकडा बदलावा.

आणि पाठचिकित्सा शिकवणाऱ्या मित्रांना एक विनंती. तारांकित उतारे आणि नागमोडी रेघ फळ्यावर समजावताना मुलांचे डोळे मिटू लागतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्या तासाला एक जुना समूहफोटो आणि एक संगणक घेऊन जा. फोटोशॉप नसेल तर गिम्प फुकट मिळते, थर आणि मास्क त्यातही आहेत. मुलांकडून एक माणूस निवडून घ्या, मागचे झाका, आणि मग मास्क बंद करायला सांगा.